पुरातून पंपहाऊसकडे

ठाण्यातल्या बाळकुमहून कल्याणपुढच्या टिटवाळ्याला जाणं हा काही प्रवास नव्हे. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस जेवायच्या आत पोचतो. माझी धाकटी बहीण संगीता तिथं राहते, त्यामुळे मीही वर्षानुवर्षं असाच जाऊन येतोय. पण गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं भाऊबहीण निघालो ते वाटेत दोन मुक्काम करून, आणि टिटवाळ्याला न पोचताच थांबलो. ज्या जिल्ह्यात माझं सगळं आयुष्य गेलं तो मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. म्हणून हे लिहायला बसलोय.

संगीता माझ्याकडे आलेली ती माझ्या मुलीच्या साखरपुड्याला. तिचे मिस्टर विलासरावही आलेले, पण जेवण झाल्याझाल्या ड्युटीवर परत गेले. कल्याणच्या पुढे, मोहन्याच्या अलीकडे, उल्हास नदीच्या काठी एक पंपहाऊस आहे. नदीचं पाणी उपसून शुद्धीकरण केंद्राकडे ढकलायचं, तिथून ते शहराच्या टाक्यांत जातं. विलासराव तिथं ऑपरेटर आहेत. पाऊस धरलेला, म्हणून ते थांबले नाहीत. संगीता मागं राहिली, आवराआवरीला.

आणि मग पाऊस जो लागला तो थांबेचना.

आमची इमारत उंच आहे. गॅलरीतून खाडी दिसते. हीच उल्हास नदी कल्याणच्या खाली खाडी होते आणि आमच्या मागून वसईकडे जाते. एरवी मी तिच्याकडे बघतही नाही, वास आला तर खिडकी लावतो. त्या दिवशी ती तांबडी झालेली आणि तिच्यावरून झाडं, पिंपं, जलपर्णीची बेटंच्या बेटं वाहत चाललेली. संगीता कठड्याला धरून बघत होती. म्हणाली, "दादा, हे पाणी त्यांच्याकडूनच आलंय ना रे?"

संध्याकाळी विलासरावांचा फोन आला. "पाणी आवारात शिरलंय. मोटारी बंद केल्या. आता विजेचं पॅनल काढून वर नेतोय. नंतर करतो." त्यानंतर फोन बंद.

सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत आला. पत्र्याचं छप्पर असलेली एक इमारत पुरात आडवी होते आणि कुणीतरी ओरडतो, "गेलं, गेलं!" खाली लिहिलेलं, कल्याणचं पंपहाऊस वाहून गेलं. पाठोपाठ दुसरा निरोप, वरचं धरण सोडलंय.

संगीतानं व्हिडिओ दोनदा पाहिला. "हे त्यांचं नाही. त्यांच्याकडे पत्रा नाही, स्लॅब आहे," असं ठामपणे म्हणाली आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. मी म्हटलं, "अगं, गाड्या बंद आहेत." ती म्हणाली, "मग चालत जाईन. तू नको येऊस."

माझ्या बायकोनं भाकऱ्या, ठेचा आणि साखरपुड्यातले उरलेले बेसनाचे लाडू बांधून दिले. दोघांना पुरतील त्याहून जास्तच दिले. मी चपला घातल्या.

कळवा

कशेळीवरून भिवंडीमार्गे जाणारा जवळचा रस्ता कोन गावाजवळ पाण्याखाली गेलेला. म्हणून उलट्या बाजूनं, ठाण्यात येऊन कळव्याचा पूल धरला. बस पुलावरच अडकली. पुढे पाणी होतं की नुसतीच गर्दी, ते ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. आम्ही उतरून कठड्याशी गेलो. पुलाला हात लावता येईल इतकी खाडी वर आली आहे असं मला वाटलं. तसं नव्हतं, पण भीतीनं अंतरं कमी होतात.

शेजारी एक कोळीण उभी होती, सुकटीची टोपली प्लास्टिकनं झाकून. संगीताचा चेहरा बघून तिनंच विचारलं, "कोन हाय गो तुजं तिकरं?"

"मिस्टर. पंपावर आहेत, नदीला."

"मंग आता नको बगूस पान्याकरं. आता भरती हाय. खारीच भरलीय तं नदीचं पानी जाईल कुठं? तिथंच थोपून ऱ्हायलंय. दुपार कलली का वहटी लागंल, मंग उतरंल."

"नक्की उतरेल?"

"दर्याला कुनी सांगावं लागतं काय?" असं म्हणून तिनं टोपली उचलली आणि चालू लागली. संगीतानं पहिल्यांदा खाडीकडे पाठ केली. तिथपासून दुपारपर्यंत ती मला सारखी विचारत होती, दुपार कलली म्हणायची का रे आता?

मुंब्र्यापर्यंत चालत गेलो, तिथून एका भाजीच्या टेम्पोनं शीळफाट्यापर्यंत सोडलं. आम्ही मागं कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसलेलो. शीळफाट्याहून डोंबिवलीपर्यंत चाललो. हा रस्ता मी नेहमी गाडीच्या काचेतून पाहिलेला, दोन्ही बाजूंना टॉवरच्या जाहिराती, फर्निचरची दुकानं. पायी चालताना कळलं की मधेमधे अजून भातशेतं आहेत आणि त्यांत त्या पावसातही बायका गुडघाभर पाण्यात बांध फोडून पाण्याला वाट करून देत होत्या. एका टपरीवर चहा मिळाला. टपरीवाला म्हणाला, "हा शेवटचा. पाणी संपलं." त्याच्या ताडपत्रीवरून पाण्याची धार लागलेली, आणि तो पाणी संपलं म्हणत होता. आम्हाला तेव्हा हसू आलं. डोंबिवलीत पोचल्यावर आलं नाही.

डोंबिवली

अंधार पडायच्या आत कुठंतरी टेकायला हवं होतं. संगीताला शाळेत शिकवलेल्या सुलभाबाई डोंबिवली पूर्वेला राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच असतात. ह्या दोघींचं अजून जाणंयेणं आहे. दार उघडल्यावर बाई म्हणाल्या, "ये. पण पाय धुवायला पाणी मागू नकोस."

नदीवरच्या मोटारी बंद, म्हणजे सगळ्या शहराचे नळ कोरडे. बाईंनी गॅलरीत पातेली, टब, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा मांडून ठेवलेलं. प्रत्येकावर धुतलेल्या साडीचा तुकडा बांधलेला, पन्हळीचं पाणी गाळून पडावं म्हणून. आमच्या बाळकुमच्या इमारतीत तासभर पाणी गेलं तर लोक ग्रुपवर भांडतात आणि टँकर येतो. इथं प्रत्येक तांब्याचा हिशोब होता. पिण्याचं उकळून माठात, भांड्यांचं वेगळं, संडासला एकाला अर्धी बादली.

हॉलमध्ये आणखी एक कुटुंब होतं, तळमजल्यावरचं. नवराबायको आणि त्यांची म्हातारी आई. त्यांच्या घरात पावसाचं पाणी शिरलं नव्हतं. संडासातून उलटं आलं होतं. नवरा सांगत होता, "सकाळी बुडबुडे यायला लागले हो. वाटलं, चोकअप आहे. मग चेंबरचं झाकणच उडालं." खाडी भरल्यावर जशी नदी थोपते तशी गटारंही थोपतात, हे मला त्या हॉलमध्ये बसून समजलं. एवढ्या मोठ्या शहराचं सांडपाणी रोज निमूट निघून जातं, आणि ते निघून जातंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी ते निघालं नाही.

जेवायला बाईंनी पिठलं-भात आणि लसणाची चटणी केलेली. कागदी ताटल्यांत वाढलं. आमच्या भाकऱ्या त्यात मिसळल्या. म्हातारीला आमचा ठेचा फार आवडला, तिनं दोनदा मागून घेतला. जेवताना बाई म्हणाल्या, "मी इतकी वर्षं मुलांना नद्या शिकवल्या. उगम कुठे, मुख कुठे, उपनद्या कोणत्या. मधे एक माणूस मोटार चालवत बसलेला असतो, हे शिकवायचं राहूनच गेलं."

संगीता उठून गॅलरीत गेली. बाई तिच्या मागून गेल्या आणि बराच वेळ दोघी तिथं उभ्या होत्या. रडण्याचा आवाज आला नाही. बाईंचं एकच वाक्य मला ऐकू आलं, "अगं, वाईट बातमी असती तर ती फोन नसतानासुद्धा पोचली असती."

रात्री मला झोप लागली. तिला लागली नाही.

कल्याणच्या वाटेवर

सकाळी पाऊस थांबला होता. नाक्यावर एक टँकर उभा होता, कल्याणच्या एका हॉस्पिटलला पाणी घेऊन निघालेला. काचेवर निळ्या अक्षरांत जयभीम लिहिलेलं. संगीता सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. "जयभीम दादा. कल्याणपर्यंत सोडाल?"

"जयभीम ताई. बसा की. आपली गाडी उंच आहे, पाण्याचं टेन्शन नाय."

केबिनमध्ये आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि त्याचा रेडिओ. मागं टँकरमध्ये पाणी, खाली रस्त्यावर पाणी. पत्री पुलावरून कल्याण दिसलं तेव्हा ड्रायव्हरनं आपोआप गाडी हळू केली. खाडीकाठचे तबेले पाण्यात होते आणि म्हशी रस्त्याच्या दुभाजकावर रांगेनं उभ्या होत्या, शांतपणे रवंथ करत. पुढे वालधुनी लागली. बारा महिने आम्ही तिला नाला म्हणतो. काळं पाणी, काठाला कचरा, वरून जाताना नाकाला रुमाल. त्या सकाळी ती दोन्ही काठ सोडून घरांच्या ओट्यांवरून चाललेली. "ही नदी आहे भाई," ड्रायव्हर स्वतःशीच म्हणाला. "शाळेत असताना पोहायचे लोक हिच्यात, माझा बाप सांगायचा. खोटं वाटायचं साला."

हॉस्पिटलच्या दारात त्यानं पाइप लावला. संगीतानं त्याला दोन लाडू दिले. एक त्यानं तिथंच खाल्ला, दुसरा डॅशबोर्डवर ठेवला.

शहाडच्या पुढे रस्ता संपला. म्हणजे पुढे होता, पण पाण्याखाली. आडवी बांधलेली दोरी आणि एक हवालदार.

"पुढं जाता येणार नाय."

"माझे मिस्टर पंपावर आहेत," संगीता म्हणाली.

"पंप कालपासून बंद आहे ताई. तिथं कोण नसणार. एक थेंब पेट्रोल मिळत नाय."

"पेट्रोलचा नाही हो! पाण्याचा!"

हवालदारानं टोपी मागं सारली. मग म्हणाला, "काल एक होडी गेलेली तिकडं. पाण्याला ओढ फार होती, अर्ध्यातून परत आली. आत कोण आहेत, कसे आहेत, खरंच माहीत नाय. आज परत पाठवतोय, पाणी आणि बिस्किटं घेऊन."

होडी हिराजी नावाच्या आगरी गृहस्थांची होती. साठीचे असतील, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. दोरीपाशी सामान चढवत होते. त्यांना पुढच्या टोकाला एक माणूस हवा होता, बांबूनं जलपर्णी ढकलायला. मी तयार झालो. तोवर संगीता होडीत जाऊन बसलेली. हवालदार ओरडला, "ताई, उतरा!" ती हलली नाही. हिराजींनी तिच्याकडे बघितलं. "बसूं दे. जाकीट घाला तिला. मधी बसंल तं तोल ऱ्हाईल."

नदीच्या धारेत ते जाणारच नव्हते. शेतांवर पसरलेलं संथ पाणी धरून, आंब्याच्या झाडांमधून आम्ही चाललो. पाण्याखाली बांध होते, कुंपणं होती. एका मंदिराचा फक्त कळस आणि त्यावरचा झेंडा दिसत होता. कुणाच्यातरी गच्चीवर कोंबड्या होत्या. होडी जवळून गेली तेव्हा त्या गच्चीवरच्या बाईनं विचारलं, "लाइट कवा येईल?" जसं काही आम्ही त्यासाठीच आलो होतो.

"हितून जाऊं. जवल परंल," म्हणून हिराजींनी होडी दोन कंपाउंडच्या मधे घातली आणि आम्ही फसलो. वरून वाहत आलेली सगळी जलपर्णी त्या बोळात येऊन दाटलेली. वरून हिरवंगार कुरण, खाली मुळांचा गुंता. बांबू रुतायचा, सुटायचा नाही. हिराजींनी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. "दोन पावलांवर भिंत आहे, मी उतरून ओढतो," असं म्हणून मी पाय खाली सोडला. गुडघाभर पाणी असेल असा माझा अंदाज. छातीपर्यंत गेलो. एक चप्पल चिखलानं घेतली, ती घेतलीच. खिशातला मोबाइल संपला. वर जलपर्णीवर एक धामण पसरलेली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला माझ्यात काही रस वाटला नाही.

"दादा!" संगीता किंचाळली.

"ठीक आहे, ठीक आहे," मी म्हटलं. ठीक नव्हतो. कंपाउंडची तार हाताला लागली. ती धरून मी, आणि मागून हिराजी बांबूनं, अशी होडी तसूतसूनं पुढे काढली. बोळ संपला, मी होडीत चढलो आणि समोर पंपहाऊस दिसलं.

उभं होतं. स्लॅब होता. तळमजल्याच्या खिडक्यांच्या खाली पाण्याची रेघ आणि चहूकडे पाणी. पण माणूस दिसेना. गच्चीवर कुणी नाही, खिडकीत कुणी नाही. नदीचा आवाज एवढा की आपलं बोलणं आपल्यालाच जेमतेम ऐकू येत होतं.

संगीता होडीत उभी राहिली. "अहो!" तिनं हाक मारली. "अहो! अहोऽऽ!"

काही नाही. तिचा आवाज चिरकायला लागला.

हिराजी म्हणाले, "पोरी, नाव घेऊन हाक मार. अहो म्हंजे कोनपन असंल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी माझ्या बहिणीच्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकलं नव्हतं. उखाण्यातलं सोडलं तर. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं सगळा जीव एकवटला. "विलास! ए विलाऽऽस!"

गच्चीच्या कठड्यावर एक डोकं आलं. मग दुसरं. मग तिसरं, त्याच्या हातात पळी होती.

"कोण विलास म्हणतंय?" पळीवाला ओरडला.

विलासरावच ते. संगीता मटकन खाली बसली. होडी डुलली. हिराजी हसायला लागले आणि मीही, छातीपर्यंत चिखल आणि एका पायात चप्पल घेऊन, थांबताच येईना.

पंपहाऊस

"अगं, तू इथं कशाला आलीस?" आम्ही गच्चीवर पोचल्यावर विलासरावांचं पहिलं वाक्य. ते चिडले होते. घाबरल्यावर ते चिडतात.

"फोन कुठाय?"

"पॅनल काढताना पाण्यात पडला."

"मग दुसऱ्याच्या फोनवरून करायचा!"

"दोघांच्या फोनचं चार्जिंग संपलं गं. लाइट कुठाय?"

तिनं पिशवीतून लाडवांचा डबा काढून त्यांच्यापुढे आदळला. तेव्हा मात्र ती रडली, चांगली मोठ्यानं, आणि विलासरावांचे दोन्ही सहकारी घाईघाईनं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नदी बघायला लागले.

गच्चीवर स्टोव्ह होता, त्यावर खिचडी. मीठ खाली राहिलेलं, म्हणून अळणी. ठेच्याचा उरलेला गोळा त्यात घातला आणि सगळे तुटून पडलो. जेवता जेवता विलासरावांनी हकिगत सांगितली. मी विचारलं, "धरण सोडलं म्हणत होते, ते?"

"दरवाजे उघडले होते. पण आधी कळवलं, भोंगे वाजवले. म्हणून तर वेळ मिळाला. स्टार्टर, पॅनल सगळं सोडवून जिन्यावरून वर आणलं आम्ही. मोटारी भिजल्या, पण त्या वाळवता येतात. पॅनल गेलं असतं तर कल्याण-डोंबिवलीला महिनाभर टँकर बघावे लागले असते."

ते नदीकडे बघत होते. म्हणाले, "गंमत काय आहे दादा, उन्हाळ्यात ह्याच नदीची आम्ही वाट बघतो. पार तळ दिसतो. घाटावरच्या तलावांचं पाणी वीज करायला खाली सोडतात, ते टर्बाइनची चाकं फिरवून नदीत येतं आणि ते आमच्यापर्यंत आलं की मोटारी नीट चालतात. तिकडं कुणी दिवा लावतो, म्हणून इकडं कुणाच्या घागरीत पाणी पडतं. आणि आता बघा. नको नको म्हणतोय तरी आलीय."

हिराजी सामान उतरवून परत गेले. आम्हाला म्हणाले, "ऱ्हावा हितंच. सकाली येतू." गच्चीवर ताडपत्रीखाली आम्ही पाच जण झोपलो. म्हणजे चार जण. संगीता भिंतीला टेकून नदीकडे बघत बसलेली. नवरा हाताच्या अंतरावर घोरत होता, तरी तिचं डोकं त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

सकाळी उठलो तर पाणी उतरलेलं, होडी येण्याजोगं राहिलंच नव्हतं. आवारात गाळ, गुडघाभर, मऊ, सायीसारखा. तांत्रिक काम त्या तिघांचं, मला कुणी विचारणार नव्हतं. पण नदीतून पाणी आत घ्यायच्या तोंडाशी जाळी असते, ती साफ करायला हात हवे होते. संगीतानं साडी खोचली, मी पँट वर केली. जलपर्णी, पिशव्या, थर्माकोल, देवांचे फोटो, एक पाळण्याची दोरी, औषधाच्या बाटल्या. वरच्या सगळ्या गावांनी आणि शहरांनी जे टाकलं ते सगळं इथं येऊन थांबलेलं. आम्ही उपसत होतो आणि मी मनात म्हणत होतो, हेच आपण पितो. मग विलासरावांकडे बघितलं. हे पाणी आणि आपला पेला ह्यांच्यामधे एवढी माणसं उभी आहेत, हे बघून मला भीती वाटायच्या ऐवजी हलकं वाटलं.

मोटारींवर मोठे दिवे लावून त्या वाळवल्या. हो, लाइट आली होती. दुपारी पॅनल परत खाली गेलं. विलासरावांनी तपासणीचं यंत्र लावलं, काटा बघितला, पुन्हा लावला, सहकाऱ्याकडे बघून मान हलवली. मग सगळे बाजूला झाले आणि त्यांनी बटण दाबलं.

आधी एक घरघर. मग ती वर चढत गेली आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. पाइपवरचा काटा हलला, अडखळला, वर गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका सहकाऱ्यानं फक्त चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि गाल गाळानं माखले. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून विलासरावांनी मला अंगठा दाखवला.

मी संगीताला दाखवायला वळलो. ती हॉलच्या कोपऱ्यात, गाळ पुसलेल्या ओट्यावर, पिशवीवर डोकं ठेवून झोपली होती. तोंड उघडं, हात पसरलेले. तिच्यापासून चार हातांवर ती राक्षसी मोटार गर्जत होती.

मी तिला हलवायला वाकलो. विलासरावांनी माझा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "नका उठवू! ह्या आवाजात झोप चांगली लागते. बंद पडली तरच जाग येते."

कुणीतरी चहा करून आणला. मी कप घेऊन तिच्या शेजारी ओट्यावर बसलो, पाठ भिंतीला लावली. उघड्या दारातून नदी दिसत होती, काठाच्या आत परतून खाली खाली जात असलेली. डोळे मिटले ते मला कळलंच नाही. जागा झालो तेव्हा चहा गार झाला होता, त्यात एक माशी पडली होती, आणि मोटार चालू होती.